‘येतो’ म्हणून गेलेल्यांची वही

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आलेल्या एका आजोबांच्या कुत्रीचं नाव चंपा. वय नऊ. आठ दिवस झाले, पाणी फार पिते, खात नाही, कालपासून दोनदा उलटी झाली, असं ते सांगत होते. डॉक्टरांनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि निदान सांगितलं: पायोमेट्रा. गर्भाशयात पू साठला होता. नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हा आजार गाठतो. गर्भाशयाचं तोंड उघडं असलं तर पू बाहेर येतो आणि घरच्यांच्या लक्षात तरी येतं. ते मिटलेलं असलं तर विष आतल्या आत भिनत जातं. चंपाचं मिटलेलं होतं. ऑपरेशन त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

आमचा दवाखाना धर्मादाय आहे, दर कमी आहेत. तरी आकडा ऐकल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग चंपाला उचलून उभे राहिले आणि म्हणाले, “येतो.”

मराठीत जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. त्यात परत येण्याचं वचन किती आणि निरोप किती, ते दाराबाहेर पडणाऱ्यालाच ठाऊक. डॉक्टर संध्याकाळी सातपर्यंत थांबल्या. ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करून मांडून ठेवलं होतं. आजोबा आले नाहीत. त्यांचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता, कारण आमच्याकडे केसपेपर पैसे भरल्यानंतर निघायचा. जो पैसे भरू शकला नाही, त्याची नोंदच नाही.

मी डॉक्टर नाही. दवाखान्याचा हिशेब, कागदपत्रं आणि निधी उभा करणं हे माझं काम. अनुदान मिळवताना आम्ही काय चुकलो, काय शिकलो ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या लहान संस्थांमधली माणसं मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

चंपा येऊन गेली त्याच महिन्यात एका फाउंडेशनने परवडणारी पशुवैद्यकीय सेवा वाढवणाऱ्या संस्थांकडून अर्ज मागवले होते. आम्हा सगळ्यांच्या मनात कित्येक वर्षं एक फिरता दवाखाना होता. गाडी, आत ऑपरेशन टेबल, बाहेर संस्थेचं नाव. मी तोच अर्ज लिहिला. वर्षाला एक हजार नसबंदी शस्त्रक्रिया करू, असं वचन दिलं. एका शस्त्रक्रियेचा खर्च काढताना भुलीचं औषध, टाक्यांचा दोरा, हातमोजे आणि अँटिबायोटिक एवढंच धरलं, म्हणजे आकडा लहान दिसेल आणि देणाऱ्याला आपण काटकसरी वाटू. आजवर किती प्राण्यांवर उपचार केले, त्याचे तक्ते जोडले. फोटो जोडले.

नकार आला. सोबत परीक्षकांच्या तीन ओळी होत्या, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण बहुतेक ठिकाणांहून नुसतं ‘यंदा शक्य नाही’ एवढंच येतं. पहिली ओळ: आलेल्यांचे आकडे आहेत, न पोचलेल्यांचे कुठे आहेत? दुसरी: या खर्चात शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ शकत नाही, उरलेला खर्च कोण करतं? तिसरी: गाडीत कोण बसणार?

मला राग आला होता. दोन दिवसांनी तिसरी ओळ पुन्हा वाचली तेव्हा तो ओसरला. आमच्याकडे डॉक्टर एकच. त्या गाडीत बसल्या की दवाखान्याला कुलूप. हे आम्हा सात जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीचं उत्तर शोधायला आम्ही एका मांजरीच्या नसबंदीचा दारापासून टाके काढेपर्यंत पाठलाग केला. मी घड्याळ आणि कागद घेऊन मागे मागे. वजन घेणं, तपासणी, भूल देणं, केस काढणं, शस्त्रक्रिया, शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसणं. हे बसणं आम्ही कधी मोजलंच नव्हतं. भुलीतून बाहेर येताना शरीराचं तापमान उतरतं, श्वास अडखळू शकतो, म्हणून ते टाळता येत नाही. आणि तेवढा वेळ तो माणूस दुसरं काही करू शकत नाही. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करणारं भांडं. १२१ अंश सेल्सियसला पंधरा मिनिटं म्हणतात, पण तापायला, निवायला आणि सामान वाळायला लागणारा वेळ धरला तर एका फेरीला तासाच्या आसपास जातो, आणि आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे संच चारच होते. म्हणजे दिवसाला किती शस्त्रक्रिया होतील हे डॉक्टरांच्या हातापेक्षा त्या भांड्यावर ठरत होतं. दहा ते चौदा दिवसांनी टाके बघायला येणं, त्यातल्या काहींची जखम चाटून उघडणं, ती पुन्हा शिवणं. वीज, पाणी, कचऱ्याची विल्हेवाट, माझ्या हिशेबाचे तास, ऑडिट. सगळं धरल्यावर एका शस्त्रक्रियेचा खरा खर्च अर्जात लिहिलेल्या आकड्याच्या तिप्पट निघाला. वरचा भाग इतकी वर्षं कोण भरत होतं? डॉक्टर, बाजारभावाच्या निम्म्या पगारावर राबून. ते अर्जात कुठेच नव्हतं, आणि त्या थकून गेल्या असत्या तर दवाखाना बंद पडला असता, हेही नव्हतं.

अशी संस्था चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की खर्च कमी दाखवू नका. कमी दाखवलेला खर्च कुणीतरी अंगावर काढतच असतं.

पहिल्या ओळीसाठी वही सुरू केली. साधी, रेघांची, काउंटरवर. काउंटर मावशी सांभाळतात. नियम असा केला की आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर आधी घ्यायचा, पैशांचं नंतर बघायचं. उपचार न घेता जो जाईल त्याची ओळ वहीत: प्राणी, आजार, का गेला, पुढे काय झालं. चंपाची ओळ मी आठवणीतून पहिल्या पानावर पहिली लिहिली.

पहिल्या आठवड्यात वही जवळजवळ कोरी राहिली. मावशी म्हणाल्या, “ताई, पैसे नाहीत का असं तोंडावर कसं विचारू? माणसाची मान खाली जाते.” खरं होतं. डॉक्टरांनी प्रश्न बदलून दिला: “आम्ही काय केलं असतं, तर आज उपचार करून गेला असता?” या प्रश्नाला लोक उत्तर देत. कमीपणा दवाखान्याकडे आला होता, त्यांच्याकडे नाही.

चार महिन्यांत वही भरत आली. पैसे हे सर्वांत मोठं कारण होतं, ते अपेक्षितच होतं. पण त्यातही मला वाटायचं की लोकांना फुकट हवं असेल. बऱ्याच जणांनी सांगितलं, तीन-चार हप्त्यांत देऊ द्या. दुसरं कारण वेळ. आम्ही दहा ते पाच उघडे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला दहा ते पाच मोकळे नसतात. तिसरं, मांजर पिशवीत घालून आणता येत नाही, घरात पिंजरा नाही. चौथं, म्हाताऱ्या प्राण्याला भूल दिली तर तो उठणार नाही ही भीती, जिच्याबद्दल बोलायला आम्ही कधी वेळ काढला नव्हता. एक मुलगी पाच महिन्यांची मांजर घेऊन आली, ‘अजून लहान आहे ना, नसबंदी पुढच्या वर्षी करू’ म्हणाली. ती मांजर आधीच गाभण होती. मांजर चार महिन्यांची झाल्यावरसुद्धा गाभण राहू शकते, हे सांगायची आमची एकमेव संधी लसीच्या वेळची होती, आणि तेव्हा आम्ही लस टोचून पुढचा नंबर पुकारला होता.

आणि काही ओळी अशा होत्या की त्या वाचून डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या. बरा होऊ शकणाऱ्या प्राण्याला इंजेक्शन देऊन झोपवा, असं सांगायला आलेली माणसं. त्यात पार्व्होची पिल्लं जास्त. पार्व्हो म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. पार्व्होवरचा सर्वमान्य उपचार म्हणजे दवाखान्यात भरती, शिरेतून सलाईन, चोवीस तास देखरेख. हे परवडत नाही म्हटल्यावर घरच्यांपुढे मरण किंवा मरणाची वाट बघणं एवढंच उरायचं.

डॉक्टरांनी त्यावर वाचायला सुरुवात केली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पार्व्होच्या चाळीस कुत्र्यांपैकी वीस जणांना नेहमीसारखी भरतीची शुश्रूषा दिली. उरलेल्या वीस जणांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन स्थिर केलं, आणि नंतर त्वचेखाली पाणी, उलटी थांबवणारं इंजेक्शन, बरेच दिवस टिकणारं अँटिबायोटिक असा साधा उपचार केला. पहिल्या गटातले अठरा जगले, दुसऱ्या गटातले सोळा. डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, वीस हा आकडा लहान आहे. दोन, दुसऱ्या गटाचीही काळजी प्रशिक्षित माणसं दवाखान्यातच घेत होती, त्यामुळे ‘घरी न्या आणि बघा’ असा त्याचा अर्थ नाही. म्हणून आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ पिल्लू आणायचं, त्वचेखाली पाणी आणि इंजेक्शन घेऊन घरी न्यायचं, अशी पद्धत बसवली. सगळी वाचली नाहीत. पण ‘येतो’ म्हणून गेली असती ती पिल्लं टेबलावर आली. उत्तम उपचार आणि काहीच नाही यांच्यामध्ये केवढी तरी जागा असते, आणि परवडणाऱ्या सेवेचं सगळं काम त्या जागेत आहे. पशुवैद्यकातले लोक याला ‘स्पेक्ट्रम ऑफ केअर’ म्हणतात. आमच्या डॉक्टर म्हणतात, ‘जमेल ते आणि नीट.’

पुढच्या वर्षी त्याच फाउंडेशनने पुन्हा अर्ज मागवले. आधी दोन पानांचं इरादापत्र, ते पसंत पडलं तर सविस्तर प्रस्ताव. विश्वस्तांच्या बैठकीत मी सांगितलं की गाडी नको, दुसऱ्या डॉक्टरचा पगार मागूया. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ विश्वस्त, आम्ही त्यांना काका म्हणतो, नाराज झाले. “पगाराला कोण देतं? देणाऱ्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं. गाडीवर त्यांचं नाव तरी लिहिता येतं.” काकांनी चाळीस वर्षं देणग्या जमवल्या आहेत, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. मी उत्तर दिलं नाही. वही त्यांच्यापुढे ठेवली. ते चष्मा लावून वाचत राहिले. बैठक संपताना म्हणाले, “संध्याकाळची वेळही घाला त्यात. हे पान बघ, तिघं सलग कामावरून सुटल्यावर आली आणि कुलूप बघून गेली.”

तर आम्ही मागितलं ते असं: दोन वर्षांसाठी दुसऱ्या डॉक्टरचा आणि एका मदतनिसाचा पूर्ण पगार, बाजारभावाने, मोठा ऑटोक्लेव्ह आणि हत्यारांचे आठ संच, उसने द्यायला मांजरांचे पिंजरे, चंपासारख्यांसाठी तातडीचा निधी, ज्यातून ऑपरेशन आधी होईल आणि घरचे हप्त्याने फेडतील, आणि वीज-हिशेब-ऑडिटचा आमच्या वाट्याचा भाग, न लाजता. हा शेवटचा भाग, ज्याला ओव्हरहेड म्हणतात, तो मागायला आपल्याकडच्या संस्था फार कचरतात. दिवा लागल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही.

लसीकरणाचा भाग मात्र लहान केला, आणि त्यावर सर्वांत जास्त वाद झाला. जगात रेबीजने दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसं दगावतात असा अंदाज आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटना कुत्र्यांपासून होतात, आणि रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांत चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि तरी हे चालू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजने एकही माणूस दगावू नये असं ध्येय ठेवलं आहे. त्यासाठी कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळावी लागते, तेव्हा साखळी तुटते. आम्ही आधीच्या अर्जात सगळ्या परिसरभर शिबिरं घेऊ म्हटलं होतं. डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं: तेवढ्या लशी सगळीकडे विखुरल्या तर प्रत्येक वस्तीत दहा टक्केही होत नाहीत, आणि दहा टक्क्यांनी साखळीला काहीच होत नाही. त्याच लशी तीन वस्त्यांमध्ये दिल्या तर तिथे सत्तरचा टप्पा गाठता येतो, आणि नवी पिल्लं जन्मतात म्हणून दरवर्षी पुन्हा गाठावा लागतो. आम्ही तीन वस्त्या लिहिल्या. परिसर लहान केल्यामुळे अर्ज लहान वाटेल ही माझी भीती होती.

इरादापत्र पसंत पडलं. प्रस्ताव गेला. मग पाहणीसाठी एक बाई आल्या. मी त्यांच्यासाठी तक्ते काढून ठेवले होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि थेट लशीच्या फ्रीजपाशी गेल्या. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. दाराला तापमानाची नोंद लावलेली असते. त्यात एका ठिकाणी दोन दिवस रिकामे होते. माझ्या पोटात गोळा आला. मी सांगितलं ते खरं तेच: सुट्टीत वीज गेली होती, परत आलो तेव्हा आतलं तापमान वर गेलेलं होतं, त्या सगळ्या कुप्या आम्ही टाकून दिल्या. त्यांनी टाकल्याची नोंद मागितली. ती होती, डॉक्टरांची सही आणि बॅच नंबरसह. त्यांनी मान हलवली आणि पुढे विचारलं, भुलीखाली किती प्राणी दगावले? डॉक्टरांनी फाइल काढून एका मांजरीची सगळी हकीकत सांगितली, काय चुकलं आणि त्यानंतर काय बदललं ते.

मग त्या मावशींशेजारी बसल्या आणि वही वाचू लागल्या. चाळीस मिनिटं. मला एकही प्रश्न विचारला नाही, सगळे मावशींना विचारले. चंपाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे फोन नंबर का नाही?” मावशींनी सांगितलं, “तेव्हा आम्ही घेत नव्हतो.”

मंजुरी सात आठवड्यांनी आली. मागितलं तेवढं नाही. पगार दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचे, तातडीचा निधी निम्मा, ओव्हरहेड आमच्या आकड्यापेक्षा कमी पण मान्य. पैसे तीन हप्त्यांत. आधीच्या हप्त्याचा तीन चतुर्थांश खर्च हिशेबासह दाखवल्यावर पुढचा.

या हप्त्यांबद्दल सावध करते, कारण आम्ही इथे अडकलो. पहिल्या अहवालात मी गॉझ आणि टाक्यांचा दोरा उपकरणांच्या खात्यात टाकला होता. मंजूर बजेटमध्ये तो औषधांच्या खात्यात होता. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवायला आधी लेखी परवानगी लागते, हे करारात होतं आणि मी ते घाईत वाचलं होतं. अहवाल परत आला, दुरुस्त करून गेला, पुन्हा तपासला गेला. सहा आठवडे गेले. नव्या डॉक्टरांचा एक पगार काकांनी स्वतःच्या खिशातून उसना दिला. आता अनुदानाचं बँक खातं वेगळं आहे, प्रत्येक बिलावर मी त्याच दिवशी बजेटची ओळ लिहिते, आणि कराराची पानं माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. शक्य असेल तर दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आधी बाजूला ठेवल्याशिवाय हप्त्याच्या अनुदानावर माणूस नेमू नका.

दुसरी अडचण अजून पुरती सुटलेली नाही. तिमाही अहवालात ‘उपचार केलेले प्राणी’ असा एक रकाना आहे. एका पायोमेट्राला डॉक्टरांचा जेवढा वेळ जातो तेवढ्यात निरोगी मांजरींच्या पाच-सहा नसबंदी होतात. रकान्यात मात्र ती कुत्री एकच. तिमाही संपत आली की मन आपोआप सोप्या आकड्यांकडे ओढतं. नव्या डॉक्टरांनी एकदा तसं सुचवलंही, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी फाउंडेशनला पत्र लिहून प्रतिबंधक आणि तातडीच्या शस्त्रक्रिया वेगळ्या मोजू देण्याची विनंती केली. ती मान्य झाली. लेखी विचारलं तर देणारे बरंच ऐकून घेतात, हे मला उशिरा कळलं.

सध्या संध्याकाळी आठपर्यंत दवाखाना उघडा असतो. पिंजरे उसने जातात आणि बहुतेक परत येतात. हप्त्याने फेडणारे काही थांबले, पण पुष्कळ जण फेडतात. एक बाई शेवटचा हप्ता द्यायला आल्या तेव्हा कुत्र्यालाही सोबत घेऊन आल्या होत्या. वहीत ओळी अजून पडतात. दर शनिवारी मावशी त्या आठवड्यातल्या सगळ्यांना फोन करतात आणि शेवटचा रकाना भरतात: दुसरीकडे नेलं, बरा झाला, गेला, फोन उचलत नाहीत.

मुदतवाढीचा अर्ज या महिनाअखेर द्यायचा आहे. त्यात किती प्राण्यांवर उपचार केले, किती लशी दिल्या, किती खर्च झाला याचे रकाने आहेत. न पोचलेल्यांसाठी रकाना नाही. मी वहीची पानं परिशिष्ट म्हणून जोडली आहेत, नावं आणि नंबर झाकून. पहिल्या पानावर पहिली ओळ: कुत्री, नऊ वर्षं, पायोमेट्रा, पैसे. पुढचा रकाना कोरा आहे.